रुग्णसेवकांचे आरोग्य : रुग्णालयातील व्यावसायिक धोक्यांविषयी

वार्षिक अहवाल म्हटला की बाह्यरुग्ण किती तपासले, शस्त्रक्रिया किती झाल्या, नवी यंत्रसामग्री कोणती आली, याचा हिशेब त्यात येतो. तो देणे आमचे कर्तव्यच आहे व तो या अहवालात अन्यत्र दिलेला आहे. परंतु ज्यांच्या हातून हे काम होते, त्या परिचारिका, आया, वॉर्डबॉय, तंत्रज्ञ, सफाई कामगार व डॉक्टर यांच्या स्वतःच्या प्रकृतीचा हिशेब सहसा कोणत्याच अहवालात आढळत नाही. आमच्याही अहवालात तो आजवर नव्हता. यंदा हा विषय घेण्यास एक प्रसंग कारणीभूत झाला, तो प्रथम सांगतो.

आमच्याकडे साफसफाईचे काम करणाऱ्या एक मावशी आहेत. (रुग्णालयांत या स्त्रियांना सारेच मावशी म्हणतात, त्यांचे नाव आम्ही मुद्दाम देत नाही.) ड्रेसिंग रूममधील पिवळी पिशवी बांधीत असता आतली एक सुई पिशवी भेदून त्यांच्या तळहातात रुतली. पिवळ्या पिशवीत सुई असावयासच नको होती. कोणीतरी घाईत ती तेथे टाकली होती. मावशींनी हात नळाखाली धरला, चिंधी बांधली आणि उरलेले वॉर्ड पुसून पाळी संपविली. चौथ्या दिवशी हात सुजला म्हणून त्या ड्रेसिंगला आल्या तेव्हा ही गोष्ट बाहेर आली. आधी का सांगितले नाही, असे विचारता त्या म्हणाल्या, "सुई तर लागतेच, सिस्टर. त्यात काय सांगायचं? कंत्राटदाराच्या कानावर गेलं तर उद्यापासून येऊ नको म्हणेल."

या उत्तराने आम्ही खजील झालो, हे येथे प्रांजळपणे नमूद करतो. सुई कोणत्या रुग्णास टोचलेली होती हे आता कळणे शक्य नव्हते. एच.आय.व्ही.ची लागण टाळण्यासाठी जी औषधे द्यावयाची, त्यांची पहिली मात्रा शक्यतो दोन तासांत व कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत घ्यावी लागते, आणि ती पुढे २८ दिवस चालू ठेवावी लागतात. ती मुदत उलटून गेली होती. हिपॅटायटिस बीची लस मात्र त्याच दिवशी सुरू करता आली. ही लस त्यांना पूर्वीच दिलेली असावयास हवी होती. ती दिलेली नव्हती, कारण आमच्या लसीकरणाच्या यादीत केवळ कायम कर्मचाऱ्यांची नावे होती. त्यानंतर सहा आठवडे, तीन महिने व सहा महिने अशा अंतराने त्यांच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या. तिन्ही निर्दोष आल्या. परंतु ते सहा महिने त्या कुटुंबाने कसे काढले असतील, याची कल्पना वाचकांनीच करावी.

सुईचा धोका

शुश्रूषा करणाऱ्याला शुश्रूषेतूनच रोग जडणे ही गोष्ट नवी नाही. १८९७ साली पुण्यात प्लेगचा कहर झाला असता सावित्रीबाई फुले यांनी पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा केली, आणि त्याच सेवेत संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. हा इतिहास आपण शाळेत वाचतो तो त्यागाची कथा म्हणून, आणि ते योग्यच आहे. पण सेवा करणाऱ्याने आजारी पडणे हे जणू त्या कामाचे भूषणच आहे, अशी एक समजूत यातून नकळत रूढ होते. आजच्या रुग्णालयाने ती बाळगणे योग्य नव्हे.

त्याहून अर्धशतक आधीची एक घटना वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. १८४७ साली व्हिएन्ना येथील डॉ. कोलेच्का यांना शवविच्छेदनाच्या वेळी विद्यार्थ्याच्या हातातील सुरीचा ओझरता वार लागला आणि काही दिवसांतच ते दगावले. त्यांचे मित्र डॉ. सेमेलवाइस यांना, बाळंतज्वराने मरणाऱ्या स्त्रियांच्या शरीरात जे आढळते तेच आपल्या मित्राच्या शरीरात दिसले, आणि त्यावरून हात धुण्याचा प्रसिद्ध नियम निघाला. एका रुग्णसेवकाला झालेली जखम कोणी लपविली नाही, तिची नोंद झाली, तिचा विचार झाला, म्हणून पुढे असंख्य बाळंतिणींचे प्राण वाचले. आमच्या मावशींची जखम मात्र तीन दिवस चिंधीखाली राहिली.

जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली मांडलेल्या अंदाजानुसार जगातील सुमारे साडेतीन कोटी आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी वीस लाखांना दरवर्षी सुई वा धारदार वस्तूमुळे अशी संसर्गाची जोखीम पत्करावी लागते. एच.आय.व्ही.बाधित रक्ताची सुई टोचल्यास लागण होण्याची शक्यता हजारांत सुमारे तीन इतकी असते. हिपॅटायटिस सीच्या बाबतीत ती शंभरात दोनहून कमी आहे. हिपॅटायटिस बीची मात्र, लस न घेतलेल्या माणसाला व रुग्णाच्या रक्तात विषाणू विपुल असल्यास, शंभरात तीसपर्यंत जाते. हा विषाणू सुकलेल्या रक्तातही निदान सात दिवस जिवंत राहतो. सर्वसामान्य लोक एड्सला भितात आणि काविळीला भीत नाहीत. रुग्णालयातील माणसाने याच्या नेमके उलट वागले तरी चालेल. कारण याच काविळीवर खात्रीची लस आहे : शून्य, एक व सहा महिने अशा तीन मात्रा, आणि शेवटच्या मात्रेनंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिकारशक्ती आली की नाही हे पाहणारी रक्ताची एक तपासणी.

कायद्याच्या दृष्टीने पाहता यात संदिग्धता काही नाही. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आपल्या देशात प्रथम १९९८ साली झाले. २०१६ च्या सुधारित नियमांनी, हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकास हिपॅटायटिस बी व धनुर्वाताची लस देणे, नोकरीच्या आरंभी व त्यानंतर वर्षातून निदान एकदा आरोग्य तपासणी करणे, आणि अपघाताची नोंद ठेवणे ही जबाबदारी रुग्णालयावर टाकली आहे. 'प्रत्येकास' या शब्दात कंत्राटी माणूसही येतो. तसेच १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यावसायिक रोगांची जी यादी होती, तिच्या अगदी प्रारंभीच आरोग्यसेवेत व प्रयोगशाळेत काम करताना जडणाऱ्या संसर्गजन्य रोगांचा उल्लेख होता. खाणीतील धूळ व कारखान्यातील शिसे यांच्या पंक्तीस कायद्याने रुग्णालयाला बसविले, ही गोष्ट आमच्यापैकी अनेकांना या निमित्तानेच ठाऊक झाली.

पिवळी, लाल, पांढरी व निळी या चार रंगांच्या व्यवस्थेत पांढरा डबा सुयांसाठी असतो. तो टोचून भेदला जाणार नाही असा जाड असतो आणि तीन-चतुर्थांश भरला की बंद करावयाचा असतो. वापरलेल्या सुईवर दोन्ही हातांनी पुन्हा टोपण बसविणे हे सुई लागण्याचे एक मोठे कारण आहे. ती सवय डॉक्टर मंडळींत अधिक आढळते, हेही सांगितले पाहिजे. सुई लागल्यावर बोट पिळणे वा तोंडात धरणे, जखमेवर ब्लिचिंग ओतणे हे सर्व अपायकारक होय. साबण व वाहते पाणी, आणि तत्काळ ड्यूटीवरील सिस्टरला कळविणे, एवढेच करावयाचे. उरणसारख्या ठिकाणी या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. करळ फाट्याकडून, दिघोड्याकडून ट्रेलरच्या अपघातातील जखमी येतात तेव्हा एका वेळी दोन-दोन, तीन-तीन माणसे रक्तबंबाळ असतात, आणि अशा धांदलीत सुई हातात घेतलेली व्यक्ती ती कोठे टाकते याचे भान राहत नाही. घाई रुग्णाच्या भल्यासाठी असते. तिची किंमत नंतर कचरा उचलणारी व्यक्ती देते.

प्रसंगानंतर आम्ही केले ते थोडक्यात असे : कंत्राटी कामगारांसह सर्वांची लसीकरणाची यादी नव्याने केली, प्रत्येक इंजेक्शन ट्रॉलीवरच पांढरा डबा बसविला, आणि सुई लागल्याची नोंदवही सिस्टरांच्या टेबलावर ठेवली. तीत चूक कोणाची हा रकाना नाही. नोंद करणाऱ्याचे काम जाणार नाही, असे कंत्राटदाराकडून लेखी घेतले आहे.

श्वासावाटे होणारा संसर्ग

सुई निदान दिसते. क्षयाचे जंतू दिसत नाहीत. अटल सेतूमुळे १२ जानेवारी २०२४ पासून आपल्याला समोरचे शिवडी काही मिनिटांवर आले. त्या शिवडीत मुंबई महापालिकेचे मोठे क्षयरोग रुग्णालय आहे. तेथील अनेक कर्मचाऱ्यांना सेवेत असतानाच क्षयाची बाधा झाली व त्यांतील काहींना प्राणही गमवावे लागले. साध्या क्षयावर सहा महिन्यांचा उपचार आहे. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचा उपचार अधिक अवघड, आणि वॉर्डातून जो जडतो तो पुष्कळदा या दुसऱ्या प्रकारचा असू शकतो.

आमच्यासारख्या सर्वसाधारण रुग्णालयात धोका वेगळ्या रीतीने येतो. शिवडीत समोरचा रुग्ण क्षयाचा आहे हे माहीत असते. आमच्याकडे तो 'खोकला व अशक्तपणा' म्हणून भरती होतो आणि निदान होईपर्यंत आठवडा जातो. या आठवड्यात त्याला उठविणारी, पाणी पाजणारी आया त्याच्या तोंडासमोर असते. यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे उघडी खिडकी. पण आपल्या कोकणात पावसाळ्याचे चार महिने वाऱ्याबरोबर पाऊस आत येतो, म्हणून खिडक्या लावल्या जातात, आणि वातानुकूलित खोलीत तर त्या बाराही महिने बंद. वातानुकूलित कक्षासाठी देणगी देणाऱ्या सज्जनांचा आम्ही आदरच करतो. परंतु ताजी हवा आत घेण्याची व्यवस्था नसलेला बंद कक्ष आमच्या परिचारिकांच्या दृष्टीने उघड्या वॉर्डापेक्षा अधिक धोक्याचा असतो, हे आता आम्हांस बोलावेच लागते. यंदा जनरल वॉर्डाच्या खिडक्यांवर झडप येणार नाही असे पत्र्याचे छज्जे बसविले व हवा बाहेर फेकणारे पंखे लावले. आणखी एक : साधा कापडी वा शस्त्रक्रियेचा मास्क खोकणाऱ्या रुग्णाने लावावयाचा असतो, सेवकासाठी एन-९५ लागतो. पुष्कळ ठिकाणी याच्या उलट चाललेले दिसते.

कोविडच्या काळात हा धडा सर्वांना मिळाला. एप्रिल २०२० च्या आरंभी मुंबईतील एका मोठ्या खासगी रुग्णालयातील २६ परिचारिका व ३ डॉक्टर एकाच वेळी बाधित निघाले आणि ते सर्व रुग्णालय प्रतिबंधित क्षेत्र म्हणून जाहीर करावे लागले. केंद्र शासनाने ३० मार्च २०२० पासून आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाख रुपयांचे विमाकवच दिले. टाळ्या व थाळ्या आपण विसरलो नाही. कोविड ओसरल्यावर एन-९५ मास्कची खरेदी मात्र बहुतेक ठिकाणी ओसरली, आणि क्षय होता तेथेच आहे.

रसायने, क्ष-किरण आणि कंबर

उरण हे बंदराचे, वायूप्रकल्पाचे व टाक्यांचे गाव आहे. ३ सप्टेंबर २०१९ रोजी येथील तेल व नैसर्गिक वायू महामंडळाच्या प्रकल्पात आग लागून चार जणांचा मृत्यू झाला. त्यांतील तिघे औद्योगिक सुरक्षा दलाचे अग्निशमन जवान होते. मदतीस धावणारा प्रथम सापडतो, असाच त्याचा अर्थ. रुग्णालयाचा दरवाजाही त्यातून सुटत नाही. २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन हा विषारी वायू सोडला गेला तेव्हा सेंट लूक्स रुग्णालयात एका दिवसात ६४० रुग्ण आले. त्यांचे कपडे न उतरविता त्यांना आत घेतले गेले, आणि नंतरच्या पाहणीत तेथील पाचव्या हिश्श्याहून अधिक कर्मचाऱ्यांना विषबाधेची लक्षणे झाल्याचे आढळले. आपल्याकडे सरीन नाही; परंतु बंदरात मालावर धुरीकरण होते, शेतात कीटकनाशके फवारली जातात, आणि धान्यातील कीड मारण्याच्या गोळ्या खाऊन आलेल्या रुग्णाच्या पोटातून फॉस्फिन वायू बाहेर पडतो. अशा रुग्णाचे कपडे मोकळ्या हवेत, हातमोजे घालून उतरवावयाचे व त्याला धुऊन मगच आत घ्यावयाचे असतात. नातेवाइकांना हा विलंब असह्य वाटतो. तो विलंब नव्हे, उपचाराचा तो पहिला भाग होय.

घरगुती म्हणावी अशी विषबाधा तर रुग्णालयातच तयार होते. संडास धुण्याचे ॲसिड व निर्जंतुकीकरणाचे हायपोक्लोराइट एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. 'दोन्ही घातले की जास्त स्वच्छ' या समजुतीने हा प्रकार होतो. शस्त्रक्रियागृहात फॉर्मॅलिनची धुरी देण्याची जुनी पद्धतही तशीच. फॉर्मॅल्डिहाइड हे मानवात कर्करोग घडविणारे द्रव्य असल्याचा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली दिला आहे.

क्ष-किरण विभागातील तंत्रज्ञांच्या छातीवर जो छोटा बिल्ला असतो, तो ओळखपत्र नसून किरणांचा हिशेबनीस आहे. घारापुरीच्या पलीकडे, तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात विकसित झालेल्या या बिल्ल्यात कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या असतात. त्या किरणोत्सार साठवून ठेवतात आणि दर तीन महिन्यांनी प्रयोगशाळेत तापवून तो मोजला जातो. अणुऊर्जा नियामक मंडळाने कर्मचाऱ्यासाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट व कोणत्याही एका वर्षात ३० ही मर्यादा घातली आहे. टेबलाच्या खणात विसरलेला बिल्ला अर्थातच काही सांगू शकत नाही. रुग्णास धरून उभे राहण्यासाठी नातेवाइकास शिशाचा ॲप्रन दिला जातो, तो कृपया नाकारू नये. आणि गरोदर स्त्रीने त्या खोलीत थांबूच नये.

या सर्वांपेक्षा अधिक लोकांना होणारे दुखणे मात्र अगदी साधे आहे, ते म्हणजे कंबर. अर्धांगाचा रुग्ण दिवसातून अनेकदा कुशीवर वळवावा लागतो, स्ट्रेचरवरून पलंगावर घ्यावा लागतो. एका माणसाने सोळा किलोंहून अधिक भार अशा अवघड अवस्थेत उचलू नये, असे या विषयातील तज्ज्ञ सांगतात. आमच्या आया त्याच्या तिप्पट उचलतात. सरकविण्याची चादर व उंची बदलता येणारा पलंग यांनी हे काम निम्म्यावर येते. रात्रपाळीविषयी एकच वाक्य पुरे : वर्षानुवर्षांची रात्रपाळी ही संभाव्य कर्करोगकारक असल्याचे मत वरील संस्थेने २००७ साली नोंदविले व २०१९ साली कायम केले, म्हणून आम्ही सलग रात्रपाळ्यांवर मर्यादा घातली आहे.

हिंसा

हे लिहिताना संकोच होतो, कारण वाचकांत रुग्णांचे नातेवाईक आहेत. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर रुग्णालयाच्या आवारातच अमानुष अत्याचार झाला. त्यानंतर मुंबईच्या परिचारिकांनी सुरक्षिततेसाठी संप केला. अरुणाताई १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ, त्याच रुग्णालयात खाटेवर होत्या आणि तेथील परिचारिकांनी त्यांची सेवा केली. २०१७ च्या मार्चमध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरास झालेल्या मारहाणीनंतर राज्यभरातील निवासी डॉक्टर सामुदायिक रजेवर गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याची भीषण घटना घडली. महाराष्ट्रात २०१० पासून या विषयावर स्वतंत्र कायदा आहे. रुग्णालयातील व्यक्तीवर हल्ला हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे.

कायद्याचा धाक दाखविण्यासाठी हे लिहीत नाही. आपल्या गावात आजारी माणसाबरोबर वाडीच लोटते. हे प्रेम आहे, आणि शहरांना ते दुर्मीळ झाले आहे. पण रुग्ण अत्यवस्थ झाला, त्यास वाशी वा पनवेलला हलवावे लागेल असे सांगितले, की हेच प्रेम क्षणार्धात रागात पालटते, आणि समोर असते ती बहुधा रात्रपाळीची एकटी सिस्टर, जिने तो निर्णय घेतलेला नसतो. यात आमचीही एक चूक होती. गंभीर बातमी सांगण्यास वरिष्ठ डॉक्टरांनी स्वतः यावयास हवे. ते येत नसत. आता हा नियम केला आहे. अशा वेळी नातेवाइकांनी दोन व्यक्तींना बोलण्यासाठी पुढे करावे, एवढीच विनंती.

देणगीदारांशी थोडे

आमच्या भिंतींवर देणगीदारांच्या नावांच्या पाट्या आहेत आणि त्यांविषयी आम्हांस कृतज्ञता आहे. सोनोग्राफीचे यंत्र, डायलिसिसची खाट, रुग्णवाहिका यांसाठी हात पुढे येतात. पांढऱ्या डब्यावर मात्र पाटी लावता येत नाही. हिपॅटायटिसच्या लसीची मात्रा, एन-९५ मास्क, सरकविण्याची चादर, जाड रबरी हातमोजे, यांची किंमत यंत्राच्या मानाने नगण्य आहे, पण ती दरवर्षी पुन्हा लागते, आणि दात्याला दाखविण्यासारखे काही उरत नाही. विश्वस्त मंडळाने यासाठी 'सेवक आरोग्य निधी' या नावाने स्वतंत्र खाते ठेवण्याचे ठरविले आहे. त्याचा जमाखर्च पुढील अहवालापासून वेगळा छापला जाईल, आणि नोंदवहीतील सुई लागण्याच्या घटनांची संख्याही. पहिल्या वर्षी ही संख्या वाढलेली दिसेल. तीवरून कोणी आम्हांस दोष दिला तरी चालेल. आजवर त्या घटना घडत नव्हत्या असे नव्हे, त्या लिहिल्या जात नव्हत्या.

शेवटी घरोघरच्या मधुमेही रुग्णांसाठी एक सूचना. इन्शुलिनच्या वापरलेल्या सुया कागदात गुंडाळून घराच्या कचऱ्यात टाकल्या जातात आणि त्या घंटागाडीवरील कामगाराच्या हातात रुततात. रिकामी जाड प्लास्टिकची बाटली घ्यावी, तीत सुया टाकीत जावे, ती तीन-चतुर्थांश भरल्यावर झाकण घट्ट लावून आमच्या इंजेक्शन रूममध्ये आणून द्यावी. तेथे ती विनामूल्य स्वीकारली जाते. केसपेपर काढावा लागत नाही.